खंड नसलेला अर्ज

आक्का, ज्या दिवशी मी नोकरीसाठी पुण्याला निघालो, त्याच दिवशी तुमचा ट्रकही ऊसतोडीला निघाला होता. ताडकळसला रस्त्याच्या एका बाजूला माझी एसटी, दुसऱ्या बाजूला ट्रक. त्यात पत्रे, चूल, शेळी आणि मांडीवर तान्ही शीतल घेऊन तू. माय दोघांच्या मधे उभी, कुणाला हात करावा या पेचात. तू खाली उतरलीस, माझ्या हातात धपाट्यांची पुरचुंडी कोंबलीस आणि म्हणालीस, "बापू, माघारी बघू नको." तुझं एवढं एकच मी अगदी मन लावून ऐकलं.

तू सातवीत असताना मायची कंबर धरली. मुकादम कोयता घेतो तो जोडीचा. एकट्या माणसाचा अर्धा कोयता त्याला नको असतो. बाबांबरोबर तू गेलीस, जोडी पुरी झाली. मी मायजवळ राहिलो. ती रोज बजावायची, "शाळा बुडवू नको. आक्कीची गेली तेवढी बास." मी एक दिवसही बुडवली नाही.

आता पुण्यात माझं काम नोकरीसाठी माणसं निवडायचं. एकेका जागेला ढीगभर अर्ज येतात, सगळे कोण वाचणार? म्हणून कॉम्प्युटरनं अर्ज चाळायचे नियम मीच लिहिले. त्यातला एक असा: शिक्षणात एका वर्षाचाही खंड असेल तर अर्ज बाजूला. मीटिंगमध्ये एकीनं शंका काढली, तेव्हा मीच म्हणालो होतो, नियम सगळ्यांना सारखाच आहे की.

मग तुझा फोन आला. "बापू, शीतलनं तुझ्याच कंपनीत अर्ज केलता. मामाला सांगू नको म्हणली, आपल्या हिमतीवर बघते म्हणली. मुलाखतीला बी बोलावलं न्हाई तिला. दोन दिवस झाले, नीट जेवायली न्हाई. तिचं काय चुकलं आसंल रे?"

मी अर्ज उघडून पाहिला. मार्क चांगले होते. बारावीच्या वर्षी मात्र खंड. त्या हंगामात तुझा हात मोडला होता आणि दाजींचा कोयता अर्धा राहू नये म्हणून शीतल गेली होती. तिच्या अर्जावर माणसाची नजरही पडली नव्हती, माझ्या नियमानंच तो परस्पर बाजूला काढला होता. आणि मी तुला काय म्हणालो? "लय अर्ज येतात आक्का. नशिबाचा भाग."

"खरंय, बापू," तू म्हणालीस.

त्या रविवारी दोषी शोधायला कागद घेऊन बसलो. आमच्या ऑफिसात गावावरून, जातीवरून कुणी वाकडं बोलत नाही, सगळे कसे सभ्य. पण खंड नसलेलेच आत येतात. तेच पुढं साहेब होतात, त्यांना खंड म्हणजे आळस वाटतो, ते नियम आणखी घट्ट करतात. वर दरवर्षी अहवाल निघतो, की बिनखंडाची माणसं उत्तम काम करतात. दुसऱ्यांना घेतलंच नाही, तर तुलना कुणाशी केली? एकाकडून दुसऱ्याकडे बाण काढत गेलो आणि शेवटचा बाण पहिल्यापाशीच येऊन टेकला. मधे कुठंतरी एखादा नालायक माणूस सापडेल, अशी मला आशा होती. सापडला तो मी. घरातला कोयता पुरा करायला एक लेकरू लागणारच होतं. तू गेलीस म्हणून माझी वर्षं सलग राहिली, आणि तशीच गेलेली तुझी पोर समोर आली तेव्हा दार लावायला मी कॉम्प्युटरला शिकवून ठेवलं होतं.

नियम काढा म्हणून भांडलो. साहेबांनी माझंच जुनं वाक्य मला ऐकवलं. शेवटी नियम निघाला, पण शीतलची जागा भरून गेली होती. आपल्याकडून इकडं आलेले मित्र म्हणतात, मनाला लावून घेऊ नको, तू काय मुद्दाम केलंस? नियम मुद्दाम नव्हता, मान्य. तुझ्याशी खोटं मात्र मुद्दाम बोललो.

इतकी वर्षं घर म्हटलं की मला ते धपाटे आठवायचे, डोळे भरून यायचे आणि बरं वाटायचं. आता घर म्हटलं की तुझं "खरंय, बापू" ऐकू येतं.

दिवाळी झाली की तुमचा ट्रक निघेल. यंदा शीतलही चाललीय, माय सांगत होती. मी शनिवारी येतोय, आक्का. तिला माझ्यासमोर बसव. तिचं काहीच चुकलं नव्हतं, हे तिला मामाच्या तोंडून ऐकू दे.