मी काढलेला मामा

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाची रांगणारी असो, नाक गळणारी असो, नाहीतर रुसून भिंतीकडे तोंड करून बसलेली असो, मामा घरात आला की आधी वाकणार. माझा दादा खैरलांजीकडच्या आमच्या गावात धानाची, म्हणजे भाताची, शेती करतो. तो मोटारसायकलवरून बालाघाटला ताईकडे आला की गमछ्याने तोंडावरची धूळ पुसायचा आणि पाणीसुद्धा न पिता वाकायचा. ताईची पोर बाजेवर बसून महाराणीच्या थाटात दोन्ही पाय पुढे करायची. "आधी पाया पडा मामा, मंग चाकलेट द्या," असा तिचा हुकूम असायचा. दादा तिच्या पावलांना हात लावून तो कपाळाला टेकवायचा. कोणी हसलं तर तो गंभीरपणे म्हणायचा, "भाची हाय ते माही. हासता काय?"

शिवाय आईच्या गावचा कोणताही माणूस मामाच लागतो. नात्याचा असो की नसो. बसमध्ये शेजारी बसलेला म्हातारा आईच्या गावचा निघाला तर तो मामा, आणि तो भर बसमध्ये तुमच्या पाया पडायला कमी करणार नाही. लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात काही सांगण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मोबाईलवर खेळायचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत मी पात्रं काढायला लागले, तेव्हा ते वाटलं.

कंपनी लांबच्या मोठ्या शहरात आणि मी बालाघाटच्या माझ्या खोलीत. ताईचं घर दोन गल्ल्या सोडून. मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून नाकं, डोळे, दागिने, चपला काढायचे. आमच्या मॅडम हिंदी बोलणाऱ्या, अतिशय गोड. मला "बेटा" म्हणायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "अपनी मिट्टी का कोई कैरेक्टर दो ना, जिसे देखते ही भरोसा हो जाए." मी दादाला काढला. त्याचं बसकं नाक, खांद्यावरचा गमछा, गुडघ्याच्या खाली दुमडलेली पँट. आणि त्याचं ते वाकणं.

वाकणं बरोबर जमावं म्हणून मी गावी गेले आणि दादाला अंगणात उभा केला. समोर रिकामी खुर्ची ठेवली आणि त्याला पुन्हा पुन्हा वाकायला लावलं. मी मोबाईलवर सगळं टिपत होते. तो वैतागला. "खुर्चीच्या पाया पडून राह्यलो मी. लोकं पागल म्हनतीन मले," म्हणाला, पण वाकत राहिला. धाकट्या बहिणीचं काम होतं ना!

मॅडमना ते पात्र पाहून गहिवरून आलं. खेळणारा माणूस ते पात्र घेऊन इतरांशी बोलणार, त्यांच्या पात्रांपुढे वाकणार होता. तेव्हाच मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की या खेळात लहान मुलं असणार, तर अनोळखी माणसाला त्यांच्याशी बोलता येता कामा नये. आणि हे पाया पडणं तर अनोळखी माणसाच्या हातात मुळीच द्यायचं नाही. ज्याच्याशी आधीपासून ओळख आहे, घरच्यांनी ज्याला होकार दिला आहे, त्यालाच ते करता यावं. आमच्याकडचं पोर असं वाकणाऱ्या माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवतं, हे मी त्यांना दादाचं उदाहरण देऊन समजावलं. त्यांनी सगळ्यांसमोर मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. "बच्चों की सुरक्षा पे कोई समझौता नहीं होगा," म्हणाल्या. मला केवढा अभिमान वाटला! मी तो मिरवलाही. खेळ बाजारात आला आणि ताईने विचारलं, "पोरीले खेळू देऊ का वं?" तेव्हा मी छातीवर हात मारून म्हटलं, "हौ, बिनधास्त दे. आतली समदी गोष्ट मले मालूम हाय."

भाची तेव्हा सातवीत होती. एका रविवारी सकाळी तिने वेणी घातली, नव्या चपला पायात चढवल्या आणि हट्टा गावाला जायला ताईकडे बसचं भाडं मागितलं. तिथे पायऱ्यांची जुनी विहीर आहे, तिला सगळे बावली म्हणतात.

"हट्ट्याले काहून?"

"मामा बावलीवर येऊन राह्यले."

"कोनता मामा? दादा त गावाले हाय."

"ते नाही. दुसरे मामा. तुह्याच गावचे हायत. तुले सांगू नको म्हने, तुले सरप्राईज देतो म्हने."

ताईने दार लावून घेतलं आणि मला फोन केला. मी अनवाणीच धावत गेले.

भाचीच्या मोबाईलमधलं सगळं बोलणं मी वाचलं. सुरुवातीला त्या माणसाने तिला फक्त तिच्या आईचं गाव विचारलं होतं. तिने सांगितलं. "अरे, मैं भी वहीं का हूँ, फिर तो तू मेरी भांजी हुई," असं त्याने लिहिलं. आणि त्याने घेतलं होतं ते पात्र, दादाचं नाक, दादाचा गमछा, तिच्या पात्रासमोर वाकलं होतं. त्यानंतर रोज खेळ सुरू झाला की आधी ते वाकणं. रोज! मग शाळेच्या ड्रेसमधला फोटो मागितला, तो तिने पाठवला होता. मग शाळेची वेळ, मग येण्याजाण्याचा रस्ता. मग हट्टा.  त्या माणसाला पोरीला फसवायला फार डोकं चालवावंच लागलं नव्हतं. सगळं तयार करून मीच खेळात ठेवलं होतं, फक्त ते त्याच्या हाती लागणार नाही असं मला सांगण्यात आलं होतं.

भाऊजी दोन मित्रांना घेऊन बावलीवर गेले. सुट्टीचा दिवस, लोक बायकापोरांना घेऊन आलेले, पायऱ्यांवर उभे राहून फोटो काढत होते. कोणाची कॉलर धरणार? ते हात हलवत परत आले आणि ठाण्यात तक्रार देऊन आले. तिकडे खेळातलं त्या माणसाचं खातं बंद झालं. असली खाती चुटकीसरशी पुन्हा उघडता येतात, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मी मॅडमना फोन लावला. मला वाटलं होतं, त्या हादरतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "देखो बेटा, बच्ची ने खुद अपनी जानकारी दी."

"मॅडम, अनजान लोगों की बात तो बंद रहने वाली थी."

 मग सगळं बाहेर आलं. अनोळखी लोकांशी बोलणं बंद ठेवलं तर मुलं लवकर कंटाळून खेळ सोडून जातात, असं चाचणीत दिसलं होतं. म्हणून बाजारात आणायच्या आधीच ते सगळ्यांसाठी उघडलं. पाया पडणंही उघडलं, कारण लोकांना तेच सगळ्यात जास्त आवडत होतं. ऑफिसात सगळ्यांना हे ठाऊक होतं.

"मुझे क्यों नहीं बताया?"

"तुम्हें बताते तो तुम नाराज़ हो जातीं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाराज! मी म्हणजे काय लग्नात मानपान न मिळालेली वरमाय होते? मला "बेटा" म्हणत माझ्याकडून माझा भाऊ काढून घेतला, आणि ज्या एका अटीवर मी तो दिला ती अट माझ्या मागे पायदळी तुडवली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी म्हटलं, माझं पात्र काढून टाका. त्यावर त्या तितक्याच गोड आवाजात म्हणाल्या, की पात्र कंपनीचं आहे. मी नोकरी सोडली. पात्र तिथेच राहिलं.

पुढे खेळाबद्दल बऱ्याच तक्रारी गेल्या असाव्यात, कारण कंपनीने मुलांच्या सुरक्षिततेची जाहिरात सुरू केली. त्यात कोणाला उभं करावं? माझ्या दादालाच. तो गमछा सावरत येतो, वाकतो आणि म्हणतो, "डरो मत, मामा है ना." भाऊजींच्या मोबाईलवर ती जाहिरात लागली तेव्हा भाची शेजारीच जेवत होती. तिने मोबाईल पालथा घातला आणि पुन्हा भात कालवायला लागली.

ताईने मला कधी शिव्या दिल्या नाहीत. एकदाच, भांडी विसळताना, मागे न बघता म्हणाली, "तूनं सांगतलतं म्हनून देल्लं मी तिले." मला मॅडमना सांगावंसं वाटलं, की तुम्ही मला फसवलंत ते मी एक वेळ गिळून टाकीन, पण माझ्या तोंडून माझ्या बहिणीला फसवलंत ते कसं गिळू?

दादाला आम्ही काहीच सांगितलं नाही. ताई म्हणाली, त्याला कळलं तर तो स्वतःलाच बोल लावेल.

धान निघाल्यावर तो नव्या तांदळाचं पोतं घेऊन आला. नेहमीप्रमाणे गमछ्याने तोंड पुसलं. भाची बाजेवर बसून अभ्यास करत होती. तो वाकला, आणि तिने झटक्यात पाय वर ओढून फ्रॉकखाली घेतले.

"काहून वं, भाचीबाई?" दादा वाकलेलाच राहिला. "रागावली का मामावर?"

तिने पुस्तक जवळ ओढलं. ताई तांदूळ बघायच्या निमित्ताने आत गेली. दादाचा हात पुढे तसाच होता. त्याला वाटलं असेल, पोर मोठी झाली, लाजते. तो हसला, आणि जिथे तिचे पाय असायचे तिथल्या जमिनीला हात लावून त्याने तो कपाळाला टेकवला.

भाची त्याच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.