घर नंबर सत्तावन्न

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही धड नाही. विश्वास ठेवायलासुद्धा थोडी मेहनत लागते... आणि मेहनत टाळणं हा माझा जन्मजात गुण. हा अनुभव त्या गुणामुळेच पदरात पडला.

साल १९८०, उन्हाळा. रत्नागिरीजवळ, भाट्याच्या खाडीपलीकडच्या एका गावात मी प्राथमिक शिक्षक होतो. पुढच्या वर्षी जनगणना. त्याआधी घरांची यादी करायचं काम आम्हा मास्तरांच्या गळ्यात पडलं. एका हातात गेरूचा डबा आणि ब्रश, दुसऱ्या हातात फॉर्म. दारावर नंबर काढायचा, खाली पुढचं घर कुठल्या बाजूला ते दाखवणारा बाण. मग फॉर्म भरायचा – भिंत चिऱ्याची की मातीची, छप्पर कौलांचं की गवताचं, खोल्या किती, माणसं किती. पडवी ही खोली धरायची की नाही, यावर मी ट्रेनिंगमध्ये अर्धा तास वाद घातला आणि शेवटी स्वतःच्याच विरुद्ध बोलायला लागलो.

खालच्या वाडीत घराला घर लागून. वर सड्याकडे, कातळाच्या माळाकडे जावं तशी घरं विरळ, आणि निम्म्यांना कुलूप. बाप्ये मुंबईला, काहींची बायकापोरंही तिकडेच. घर उघडणार ते शिमग्याला नि गणपतीला. ‘बंद’ लिहून लिहून माझा हात बसला होता.

शेवटचं घर उरलं, सत्तावन्न नंबर. सड्याच्या कडेला, एकटंच. भर दुपार. मी चढाच्या पायथ्याशी राहणाऱ्या धोंडूच्या ओट्यावर कोकम सरबताचा दुसरा पेला संपवत होतो.

"वर कोण असतं रे?"

"कोण नाय. भागाआजी होती, तिला पोरानं नेलान मुंबयला. दोन वर्सं झाली."

"खोल्या किती?"

"सहा. आणि तिकडं एका खोलीत अकरा माणसं. उभ्यानं झोपतात की काय, देव जाणे."

"म्हणजे वर जायला नको म्हणतोस?"

"मी काय म्हणत नाय गुरुजी. पोट तुमचं, चढ तुमचा."

मी पोटाकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं, आणि तिथेच बसून फॉर्म भरला. चिरा. कौलं. खोल्या सहा. बंद. माणसं शून्य. मग घरी जाऊन डबा खाटेखाली सरकवला आणि झोपलो.

संध्याकाळी निरोप आला – सुपरवायझर उद्या सड्यावरची घरं तपासणार. दारावर नंबर नसेल तर खोटी नोंद उघडी पडणार, नोकरीवर गदा येणार. सकाळी सातला मी डबा घेऊन धापा टाकत वर पोचलो.

दारावर नंबर होता.

५७. माझ्याच हातचा. माझ्या पाचाला नको तेवढी लांब शेपटी असते. वर्गातली पोरं त्याला ‘गुरुजींचा खेकडा’ म्हणायची. तोच खेकडा. मी बोट लावलं... बोट लाल झालं. गेरू ओला होता.

आणि खाली बाण होता. शेवटच्या घराला बाण कशाला? तो उजवीकडे, घराच्या मागे वळलेला. खोटं बोलायचं नाही, मला भीती नाही वाटली, वैताग आला. आणखी एक घर राहिलं की काय? मी बाणाच्या दिशेने गेलो.

मागे फणसाखाली भागाआजी कुशीवर पडली होती. एक पाय वाकडा झालेला, ओठ सुकून पांढरे. मी धोंडूच्या नावाने ओरडलो, विहिरीचं पाणी काढून ओंजळीने तिला पाजलं.

"कधी पडलात आजी?"

"काल सकाळी. परवा तिन्हीसांजेला आले, मागच्या वाटेनं. कुणाला दिसले नाय." ती थांबत थांबत बोलत होती. "तिकडं कूस बदलायची तर शेजारच्याला उठवायला लागतं. म्हटलं, आपल्या घरात पाय पसरून मरू."

"हाका नाही मारल्यात?"

"मारल्या की. म्हणून तर तुमी आलात काल दुपारी."

"मी?"

"हातात हाच डबा. इथवर आलात, बघितलंत, बोललात, ‘उद्या सकाळी येतो आजी, हलू नका.’ म्हणून पडून रायले. नायतर मी त्या घळीतून सरपटत उतरणार होते."

घळ मी पाहिली. धडधाकट माणूस तिथून जपून उतरतो.

धोंडू माणसं घेऊन आला. डोली करून तिला खाली नेलं, तिथून जीपने रत्नागिरीला. आजी वाचली. काठी टेकत का होईना, त्या सहा खोल्यांत पुढे कितीतरी वर्षं राहिली. फॉर्मवर मी शून्याचा एक केला, आणि खाडाखोड केली म्हणून सुपरवायझरची बोलणी खाल्ली. तेवढीच माझी शिक्षा.

ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, तहानेने माणसाला भास होतात. असतील. पण तहानलेली ती होती. मी तर दोन पेले कोकम पिऊन झोपलो होतो. मग माझं बोट लाल कशाने झालं?

आजी भेटली की चारचौघांत म्हणायची, "आमचे गुरुजी शब्दाला पक्के." मी मान डोलवायचो. ‘आजी, मी ओट्यावर बसून तुम्हाला शून्य लिहिलं होतं’, हे ती असेपर्यंत माझ्या तोंडून निघालं नाही. ते आज इथे लिहितोय.

ती सकाळी वाट बघत होती आणि मी सकाळी पोचलो, एवढं खरं. पण येतो असं तिला कोण सांगून गेलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.