कट् झालं की थांबायचं

उरणच्या रस्त्यावर माझ्या गाडीचा टायर बसला, तेव्हा चाकाचा एकही नट मला हलवता आला नाही. पान्यावर सगळा भार टाकला, त्याच्यावर उभी राहिले, शेवटी लाथा घातल्या. शेजारून कंटेनर असे जात होते की उभी गाडी जागच्या जागी हलायची. नुकतेच घणसोलीच्या टायरवाल्याने ते नट पान्यावर उड्या मारून आवळले होते, आणि वर मला म्हणाला होता, "मॅडम, आता टेन्शन नाय. बापजन्मात सुटनार नाय." खरंच सुटले नाहीत. एका ट्रेलरवाल्याने पान्याला लांब पाइप लावून ते सोडवले, म्हणून मी घरी आले. गोदामातली माझी नोकरी तिकडेच, रोजचा रस्ता तोच. घर येईपर्यंत त्या टायरवाल्याला मनातल्या मनात येतील तेवढ्या शिव्या देऊन झाल्या होत्या.

म्हणून टॉर्क रेंच घ्यायचा ठरवला. ठरलेल्या जोराइतकाच नट आवळणारा पाना. तेवढा जोर लागला की हातात 'कट्' असा खटका बसतो, मग थांबायचं. नवरा आणि मी वाशीच्या दुकानात गेलो तर दुकानदार माझ्याकडे ढुंकून बघेना. प्रश्न मी विचारायची, उत्तर नवऱ्याला. "साहेब, हा मेकॅनिकचा आयटम हाय. वहिनींना कुठे जमनार?" नवरा पंख्याकडे बघत उभा. मी म्हटलं, "गाडी मी चालवते, चाकही मीच बदलते. माझ्याशी बोला." मग तो ट्रकच्या मापाचा लांबलचक रेंच गळ्यात मारायला लागला, मोठा घ्या म्हणे, सगळ्याला चालतो. नाही चालत! गाडीच्या पुस्तिकेतला जोराचा आकडा रेंचच्या मापांच्या साधारण मधोमध यावा लागतो. टोकाला त्याचा भरवसा नसतो. काट्यावर जोर दाखवणारा स्वस्त होता, पण चाकाशी वाकून काटा कोण वाचणार? डिजिटलचे सेल संपले की बोंब. मी कट् वाजणारा, मधल्या मापाचा घेतला.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. साताऱ्याहून आल्यापासून मामांची हयात कांदा-बटाटा मार्केटात तोलणार म्हणून, मालाचं वजन करून देण्यात गेली. तिथली रीत अशी की वजन बरोबर भरलं तरी पारडं जरा झुकतं ठेवायचं, वर दोन कांदे टाकायचे. नेमकं तोलणारा माणूस त्यांच्या लेखी कद्रू. रविवारी मी चारही चाकांचा प्रत्येक नट कट् होईपर्यंत आवळला आणि हात धुवायला वर गेले. खाली येते तर मामा रेंच घेऊन मागच्या चाकाशी बसलेले. कट् वाजल्यावरही प्रत्येक नटाला वर एक हिसका देत होते. माझ्या डोळ्यांदेखत एक बोल्ट तुटला आणि नटासकट खाली पडला.

मी ओरडले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वॉचमनसमोर, सासऱ्यांवर. "काय करताय मामा? बाकीचे पण ताणलेत तुम्ही! चालत्या गाडीत तुटले असते म्हणजे?"

"आगं, वाईच जास्त पिळलं तर..."

"नाही पिळायचं जास्त! कांदे आहेत का हे?"

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "तू त्या कंटेनरातनं जातीस. टायर बसला तवापास्नं तू येईस्तवर मी गेटापाशी उभा असतो. तुज्या त्या खटक्यावर माजा जीव कसा थांबंल?"

माझा राग गेला नाही. उलट वाढला, कारण आता तो काढायला जागाच उरली नव्हती. गॅरेजवाल्याला घरी बोलावून त्या चाकाचे सगळे बोल्ट बदलून घेतले, पण नट त्याला आवळू दिले नाहीत. रेंच मामांच्या हातात दिला आणि त्यांचं मनगट धरलं. कट् झालं. मनगट पुढे निघालं. मी घट्ट धरून ठेवलं. "बास, मामा." जरा वेळाने ते सैल पडलं. शेवटच्या नटापर्यंत मी हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी उरणला पोचल्यावर घरी फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत मामांनी उचलला. मी अजून रागातच होते, म्हणून नुसतं "पोचले" म्हटलं.

"हां," ते म्हणाले, आणि फोन ठेवेनात.