किती देवांचे?

आर्वीच्या कॉलेजात अकरावीला होतो तेव्हा मला एकच धास्ती असायची: आपण गोंड आहोत हे कोणाला कळू नये. घरी आईबाबा आपसात गोंडी बोलत. माझ्याशी मात्र मराठी, कारण मीच त्यांना तसं बजावलं होतं. सोळाव्या वर्षी माणसाला दीडशहाणं व्हायची फार घाई असते.

एका दुपारी मित्रांसोबत एसटी स्टँडवर उभा होतो. गाठोडं घेतलेली एक म्हातारी दिसेल त्याला काहीतरी विचारत फिरत होती. लोक नुसते हात हलवून पुढे जात.

"हे आजी काय म्हणून राह्यली बे?" मित्रानं विचारलं.

मला सगळं कळत होतं. ती गोंडीत आपली गाडी विचारत होती, आणि गाडी तिच्या पाठीमागेच उभी होती. कोणीतरी तिच्यावर हसलं. माझं डोकंच फिरलं आणि मी भर स्टँडवर गोंडीत ओरडलो, "आजी, ही बघ तुझी गाडी!"

मित्र बघतच राहिले. आजीनं माझा हात धरला आणि विचारलं, "किती देवांचे तुम्ही?"

आमच्यात प्रत्येक कुळाचे देव ठरलेले असतात. सारख्या देवांचे ते भाऊ, वेगळ्या देवांचे ते सोयरे. एवढं ऐकून होतो, पण आपले किती, ते कधी विचारलंच नव्हतं. पकडलं जाण्यापेक्षा याचीच लाज जास्त वाटली. मित्रांना खरं काय ते सांगून टाकलं: मी गोंड आहे, आणि आजी विचारते ते मलाच माहीत नाही.

"मंग घरी फोन लाव ना बे," मित्र म्हणाला. "आजीची गाडी सुटून जाईन."

फोनवर बाबांनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाले, "सहा. आज काऊन इचारून राह्यला?"

मी घाईघाईत आजीचं सांगून फोन ठेवला. आजी सात देवांची निघाली. म्हणजे सोयरीक जमणारी! खिडकीत बसल्यावर तिनं मोठ्यानं सांगितलं की तिला एक नात आहे. हे मी मित्रांना सांगणार नव्हतो, पण तिच्या खुणा आंधळ्यालाही कळल्या असत्या. बारावी संपेपर्यंत मी कॉलेजात 'जावईबापू' होतो.

संध्याकाळी गाडीतून उतरलो तर बाबा फाट्यावर उभे. ते कधी घ्यायला येत नसत. त्यांनी चाचरत गोंडीत विचारलं, "आजीला गाडी मिळाली का?"

मी गोंडीतच उत्तर दिलं. मग घरापर्यंत बाबा बोलतच राहिले.