पुढच्या सीटवरचा प्रयोंग

प्रयोंगला गप्प बसवणं एकेकाळी थायलंडातल्या यॉम नदीच्या काठावर कुणाच्या बापाला जमत नव्हतं. काय बोलायचा पोरगा! देवळातल्या शाळेत भिक्खू गुरुजींनी त्याला उभा केला, ओणवा केला, छड्या मारल्या. हा ओणव्यानंसुद्धा शेजारच्या पोराशी बोलत राहायचा. त्याची आई इम शेतावरून तशीच चिखलाच्या पायांनी शाळेच्या दारात यायची आणि विचारायची, "गुरुजी, बसतो का हो हा नीट?" गुरुजी कपाळाला हात लावायचे.

आज प्रयोंग अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि त्याला न बोलण्याचा पगार मिळतो.

हसू नका, हा धंदा आहे आमच्याकडे. परक्या देशाच्या माणसानं थायलंडमध्ये गाइडचं काम करायचं नाही, गाइड थाईच हवा, त्याच्या गळ्यात सरकारी बिल्ला हवा, असा कायदा आहे. परदेशी कंपन्या कुठं कमी हुशार? पाहुण्यांशी त्यांच्याच भाषेत बोलणारा आपला एक गोरा माणूस त्या पाठवतात आणि गाडीत पुढच्या सीटवर एक बिल्लेवाला थाई ठेवून देतात. बोलायचं गोऱ्यानं, बसायचं बिल्ल्यानं. कायदाही खूश आणि पाहुणेही खूश.

सव्वीस वर्षं प्रयोंग बोलणाऱ्यांतला होता. अयुथया या जुन्या, पडक्या राजधानीच्या काळ्या पडलेल्या विटांसमोर उभा राहून तो असा रंगायचा की पाहुण्या बायका पर्समधून रुमाल काढायच्या. गावी आला की तोंडाचा पट्टा सुरू. "मी हात वर केला की चाळीस फरांग गप्प! मी हसलो की हसतात, मी डोळे पुसले की पुसतात." फरांग म्हणजे गोरे लोक, गावात त्यांना टीव्हीवरच पाहिलेलं. आई मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी तेच सगळं बाजारात मासेवालीला सांगायची. याच्या इंग्रजीच्या शिकवणीसाठी तिनं एकदा घरची होडी विकली होती आणि पुढं कित्येक वर्षं बांधावरून पायपीट केली होती. तेवढं तरी तिला मिरवू द्या.

धाकटी बहीण सम्रुआय मधे काही बोलली की हा म्हणायचा, "तू गप गं. चिखलात राहणाऱ्यांना जगातलं काय कळतंय?" म्हातारीला अंघोळ घालणारी, तिची औषधं आणणारी, तिचा ओरडा खाणारी सम्रुआय. ती तेही गिळायची. गिळलेलं काही पचत नसतं, पण हे प्रयोंगला कोण सांगणार? तो ऐकायला थांबतोय कुठं!

मग महासाथ आली. जुनी कंपनी बुडाली. दोन वर्षं प्रयोंग बँकॉकच्या एका खोलीत पंख्याशी बोलत बसला, आणि शेवटी हे बसायचं काम मिळालं. गावात त्यानं याचं अवाक्षर काढलं नाही. आई फोनवर विचारायची, "बोलतोस ना रे छान?" हा म्हणायचा, "घसा बसतो गं बोलून बोलून."

त्याच्या गाडीतला बोलणारा होता रूबेन. हॉलंडचा, एकोणतीस वर्षांचा, दिसायला देखणा आणि स्वभावानं इतका गोड की राग धरायलाही जागा नाही. थाई तर अशी बोलायचा की पाठमोरा असला तर आमच्यातलाच वाटावा. पहिल्याच दिवशी त्यानं प्रयोंगच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "काका, पाहुण्यांनी काही विचारलं तर हसा आणि माझ्याकडं बोट करा. दोन माणसं बोलली की त्यांचा गोंधळ होतो." प्रयोंग हसला. हसायचंच तर सांगितलं होतं.

फक्त पोलीस दिसले की चित्र बदलायचं. हमरस्त्यावर चौकी आली की रूबेन झटकन माइक पुढं द्यायचा. "काका, बोला, बोला!" गाडी अडथळ्यापाशी हळू होऊन पुढं जाईपर्यंत प्रयोंग बोलून घ्यायचा. भाताच्या जाती, राजांच्या लढाया, नदीचा पूर, जे सुचेल ते, धापा टाकत. चौकी मागं पडली की रूबेनचा हात पुढं यायचा आणि माइक परत जायचा, वाक्य अर्धं राहिलं असलं तरी. ड्रायव्हर खिडकीबाहेर बघत हसू दाबायचा. सांगायला लाज वाटते, पण प्रयोंग पोलिसांची वाट बघायला लागला होता. एका सकाळी चौकीवर कुणीच नव्हतं तर याचा दिवसभर चेहरा पडलेला.

आणि अशा माणसाला बुद्धी काय सुचावी! कंपनी म्हणाली, आठ-आठ पाहुण्यांच्या छोट्या सहली आहेत, शहरं झाली, नद्या झाल्या, आता खेड्यातल्या खऱ्या घरी एक जेवण हवं. प्रयोंग म्हणाला, माझ्या आईच्या घरी चला. त्याला वाटलं, शहरात बोलू देत नाहीत ठीक आहे, पण माझ्याच अंगणात, माझ्याच आईसमोर मला कोण गप्प करणार? त्र्याऐंशी वर्षांच्या आईनं एकदा, फक्त एकदा, आपल्याला फरांग लोकांसमोर बोलताना बघावं. आयुष्यात एवढंच हवं होतं त्याला.

आता रूबेनला तसं विचारायला हवं होतं. फित्सानुलोक शहरातल्या मुक्कामी सकाळच्या नाश्त्याला तो रूबेनसमोर बसला. पेजेत चमचा फिरवत म्हणाला, "उद्या आमचं गाव."

"हो काका! मी तर फार खूश आहे."

"आईचं वय झालंय आता."

"असणारच."

"तिनं मला कधी... म्हणजे, तिला बोलणं ऐकायला फार आवडतं. गावातले लोकही येतील म्हणे."

"वा! मग तर मजाच आहे, काका."

"तुम्हाला अडचण नसेल तर."

"अडचण कसली!" रूबेननं त्याच्या पेल्यात चहा ओतला.

झालं. प्रयोंगच्या मते मागणी करून झाली आणि होकारही मिळाला. आमच्या लोकांची ही जुनी खोड. समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून आम्ही मागणं इतकं मऊ करतो, इतकं मऊ करतो की त्यात मागणं उरतच नाही. आमच्यातला माणूस असता तर त्यानं न बोललेलंही ऐकलं असतं. रूबेनला आमची भाषा आली होती, एवढं ऐकायचे कान आले नव्हते. आणि सव्वीस वर्षं फरांग लोकांत काढलेल्या प्रयोंगला हे कळू नये? मूर्ख कुठला! तो उलट खोलीत गेला, बाथरूमच्या आरशासमोर उभा राहिला आणि भाषण पाठ केलं. बाजारात जाऊन निळा सदराही घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी गावात शिरली. खांबांवर उभं असलेलं इमचं घर, घराखालच्या सावलीत चटया अंथरलेल्या, आणि चटयांवर वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीनं बसलेली. सगळ्यांत पुढं म्हातारी इम, देवळात जायचा पांढरा झगा घालून. केळीच्या पानावर भाजलेली मरळ, मिरचीचं वाटण, उकडलेल्या भाज्या, बांबूच्या नळीत शिजवलेला गोड भात. शेजारी एका वाटीत आशीर्वादाचे पांढरे दोरे, पाहुण्यांच्या मनगटाला बांधायचे. पहिला दोरा सगळ्यांत मानाच्या माणसाला. तो कुणाचा, हे तिनं आठ दिवस सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

प्रयोंग सगळ्यांआधी उतरला. सदरा सारखा केला. पाहुणे आठही जण उतरून उभे राहिले तसा त्यानं हात वर केला आणि इंग्रजीत सुरुवात केली, "मित्रहो, या घरात मी जन्मलो—"

गावाला त्यातलं काही कळलं नाही, तरी सगळे ताठ झाले. म्हातारीचे ओठ त्याच्याबरोबर हलायला लागले.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. "काका," रूबेन अगदी प्रेमानं म्हणाला, "तुम्ही कशाला त्रास घेता? आज तुम्ही घरी आलाय. बसा तुम्ही. मी बघतो." त्यानं प्रयोंगला हलकेच खाली चटईवर बसवलं आणि पाहुण्यांकडं वळून आपल्या भाषेत बोलायला लागला.

प्रयोंगनं उठायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, अरे, आज मला बोलू दे. एवढे चार शब्द. पण पाहुण्यांसमोर, आईसमोर, या पोराला अवघडल्यासारखं होईल! तो बसून राहिला. हसलासुद्धा.

रूबेननं पाहुण्यांना हसवलं, मग थाईत गावाला हसवलं. मिरचीचं वाटण खाऊन नाक पुसलं तर बायका त्याच्यावर खूश. शेवटी सम्रुआयला राहवलं नाही.

"काय रे बाळा," ती म्हणाली, "सगळं तूच बोलतोस, तर आमचा दादा काय करतो?"

"काका?" रूबेन हसला. त्याच्या मनात पाप नव्हतं, मी शपथेवर सांगतो. "काका गाडीत बसतात! ते बसले नाहीत तर पोलीस मला धरून नेतील. फार गुणी माणूस. या सहलीला सहा दिवस झाले, आपणहून एक शब्द बोलले नाहीत."

"एक शब्द नाही? आमचा दादा?"

"एकसुद्धा नाही. त्यांना त्याचाच पगार आहे."

आधी कुणीतरी मागं फिसकन हसलं. मग सगळेच हसले. आमच्याकडं लाज वाटली तरी माणसं हसतात आणि मजा वाटली तरी हसतात. त्या दिवशी दोन्ही होतं. "चाळीस फरांग गप्प ना रे?" एक म्हातारा ओरडला. "अरे, हाच गप्प निघाला!" सम्रुआय तर पोट धरून हसली. डोळे पुसत म्हणाली, "म्हणून घसा बसला होय, दादा? बसून बसून बसला?" आणि मग खाली वाकून, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "आम्ही चिखलात राहतो, पण आम्हाला बोलायला कुणी बंदी नाही केली." पंचवीस वर्षांचं गिळलेलं होतं ते.

पाहुण्यांना काही कळलं नाही, पण सगळे हसतायत म्हणून तेही हसले. एकीनं प्रयोंगचा फोटो काढला. प्रयोंग फोटोतही हसतोय.

म्हातारी मात्र हसली नाही. तिनं पहिला दोरा बोटांत धरला होता. तिनं पोराकडं पाहिलं. प्रयोंगनं नजर चुकवली आणि हनुवटीनं रूबेनकडं खूण केली. म्हातारीनं दोरा रूबेनच्या मनगटाला बांधला. मग आठ पाहुण्यांना बांधले. वाटीत शेवटी एक तुकडा उरला, तो ड्रायव्हरनं बांधून घेतला.

निघायची वेळ झाली. पाहुणे गाडीत चढले. रूबेन म्हातारीच्या पाया पडायला वाकला, पण त्याआधीच तिनं दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसानं लहानाला आधी हात जोडायचे नसतात; जोडले तर लहानाचं आयुष्य उणं होतं म्हणतात. आईनं असे हात जोडलेले प्रयोंगनं आयुष्यात फक्त भिक्खूंसमोर पाहिले होते.

"आजी, आजी, हे काय!" रूबेननं घाईनं तिचे हात धरले.

तिनं त्याचे हात सोडले नाहीत. "साहेब," ती त्या नातवाच्या वयाच्या पोराला म्हणाली, "बसतो का हो हा नीट?"

"काका? एकदम छान बसतात, आजी."

"लहानपणी एका जागी बसायचा नाही. फार बोलायचा. मीच लाडावून ठेवला. आता या वयात त्याला दुसरं कुणी ठेवणार नाही, साहेब. तुम्ही ठेवून घ्या. बोलला तर मला निरोप पाठवा, मी त्याचे कान उपटीन."

मग ती प्रयोंगकडं वळली. तो गाडीच्या दारात एक पाय वर ठेवून उभा होता. "ऐकलंस ना?" ती म्हणाली. "गप बसायचं."

सम्रुआय आता हसत नव्हती. ती म्हातारीच्या दंडाला धरून उभी होती.

गाडी हमरस्त्याला लागली. वीस मिनिटांनी चौकी आली. रूबेननं सवयीनं माइक पुढं दिला. "काका, बोला, बोला!"

प्रयोंगनं माइक घेतला आणि मांडीवर ठेवला. गाडी हळू झाली. रूबेन मागून कुजबुजला, "काका! बोला ना!" पोलीस खिडकीशी आला, वाकला, प्रयोंगच्या गळ्यातला बिल्ला त्यानं बोटानं उलटा करून पाहिला, आणि ड्रायव्हरला म्हणाला, "जा." बोलणं तिथंही कधी कुणी ऐकलं नव्हतं. मागून रूबेनचा हात पुढं आला. प्रयोंगनं माइक दिला, पाठ सीटला टेकवली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि चिआंग मायच्या मुक्कामापर्यंत नीट बसून राहिला.