ज्याच्या हाती चेंडू

कच्च्या लोकरीला एक उग्र, उबदार वास असतो. सकाळी वर्गाचं कपाट उघडलं की तो अंगावर येतो आणि माझा दिवस तिथेच बिघडतो. नेकनूरजवळच्या आमच्या दोन शिक्षकांच्या शाळेतला हा काळा चेंडू भागूच्या आईने केलेला. मेंढीची लोकर चिंचोक्याच्या खळीत भिजवून, तळव्यांत वळून वळून घट्ट केलेला, जरा वाकडाच.

त्या वाकड्या गोळ्यावर मी चौथीचा सगळा अभ्यास सोपवला होता. सकाळी तो झेलणाऱ्याने पाढ्यातला पुढचा आकडा सांगायचा, मराठीच्या तासाला त्याच्याबरोबर शब्द फिरायचे, आणि परिसर अभ्यासाला दारातून आत आलेल्या तिरप्या उन्हात धरला की त्याची पृथ्वी व्हायची. तिच्यावरचा खडूचा ठिपका, म्हणजे आमचं गाव, हळूहळू अंधारात जाताना पोरं श्वास रोखून बघत. नियम एकच होता आणि तो माझा होता: ज्याच्या हाती चेंडू, त्याने बोलायचं.

भागू मेंढपाळ सोपानची मुलगी. तिसरीपर्यंत वर्गात तिने तोंड उघडलं नव्हतं. घरच्या लोकरीचा तो गोळा हातात आला, तिने तो नकळत नाकाशी नेला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "अठ्ठेचाळीस." त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

तुरीच्या शेंगा भरत आल्या की सोपानचा कळप माजलगावकडे, उसाच्या पट्ट्यात निघतो. यंदा भागूला आत्याकडे ठेवा म्हणून मी त्याच्या मागेच लागले. शेवटी तो म्हणाला, "तपासणीचे साहेब येनार हायेत न्हवं? त्यांच्यापुढं बोलली तर ठिवतो. न्हाई तर चलंल आमच्यासंगं. गुपचूप बसायला साळा कशाला, बाई?"

साहेब आले त्या दिवशी मी चेंडू टेबलाच्या खणात लपवला. हे लिहिताना आजही स्वतःचा संताप येतो. कुणी मनाई केली नव्हती. शाळा आहे की मैदान, असं कुणी म्हणेल या नुसत्या धास्तीने मी सगळ्यांना रांगेत मांडी घालून बसवलं, आणि रिकामे हात मांडीवर ठेवून भागू पुन्हा तिसरीतली झाली.

साहेब वाईट असते तर रागाला जागा तरी मिळाली असती. दारात खांद्यावर घोंगडी टाकून उभा राहिलेला सोपान त्यांनी पाहिला, आणि पोरीची भीड मोडावी म्हणून मायेनेच विचारलं, "तुमच्याकडे मेंढरं किती, बाळ?"

सोपानच्या घरी मेंढरांचा आकडा तोंडाने काढत नाहीत. नजर लागते म्हणतात. संध्याकाळी मेंढवाड्यात शिरणारा एकेक चेहरा ओळखायचा, बस. भागूने बापाकडे पाहिलं. बापाने मान खाली घातली. "वीस? पन्नास? शंभर?" साहेब विचारत गेले आणि तिने ओठ घट्ट मिटले. हे सगळं मला ठाऊक होतं. "साहेब, दुसरं काही विचारा," एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी पदर सारखा करत उभी राहिले. नंतर त्यांनी आठाचा पाढाही विचारला, पण पोर आतून मिटली होती. खण माझ्या हाताशी होता. साहेबांनी मोबाइलवर तिच्या नावापुढे 'अप्रगत' नोंदवलं आणि ते दुसऱ्या वर्गाकडे वळले.

"मेंढरांचं सांगितलं न्हाई ते बरंच केलं तिनं," सोपान बाहेर आल्यावर म्हणाला. "पन पाढा बी न्हाई आला."

"येतो हो तिला!" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुमच्या चेंडूपुढं येतो. दर ठिकानी चेंडू कुठला, बाई?"

मला त्याचा राग आला, कारण तो खरं बोलत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी कळप शाळेवरून निघाला. कोवळ्या उन्हात धूळ सोनेरी झाली होती, आणि तो लोकरीचा वास आवारभर पसरला. हातात काठी घेतलेली भागू कुंपणाशी रेंगाळली. काय सुचलं कोण जाणे, मी आत धावले आणि खणातला चेंडू कुंपणावरून तिच्याकडे फेकला. तिने तो एका हाताने झेलला. आणि बोलू लागली. आठ एके आठपासून आठ दाहे ऐंशीपर्यंत, कळपाबरोबर चालत, मान मागे वळवून, मेंढरांच्या घंटांवर आवाज चढवत. सोपान थांबला. त्याने सगळं ऐकलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे क्षणभर पाहिलं; मग मेंढरं उसाच्या वाटेने पुढे गेली म्हणून शीळ घातली.

भागूने चेंडू नेम धरून माझ्याकडे परत फेकला आणि बापामागे धावली.

मागे व्हरांड्यात पोरांचा गलका चालला होता. मी चेंडू झेलला तसा गलका सवयीने थांबला. सगळी माझ्याकडे बघत होती. सोपान अजून हाकेच्या अंतरावर होता, आणि चेंडू माझ्या हातात होता.