बाई यायच्या आत

कुंपणापाशी येऊन, पदर कमरेला खोचून, दोन्ही हात हवेत पालथे करत शेजारच्या मावशी म्हणायच्या, "आता याले काय म्हणावं बाप्पा?"

दूध नासलं, सून फणकारली, कूलरने पाणी ओढायचं थांबवलं, कशावरही हेच. सुरुवातीला मला वाटे, बाई खरंच विचारते आहे, म्हणून मी मनापासून उत्तर देत असे. उत्तर ऐकून मावशी आणखी गोंधळायच्या आणि घरात परत येईपर्यंत मीही गोंधळलेली असे. त्यांच्याशी बोलून कुठल्याही प्रश्नाचा निकाल लागल्याचं मला आठवत नाही.

आमच्या प्रतापनगरात तेव्हा घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त. घरं नवी, तशी माणसांची ओळखही नवी. ज्याने आपल्याविषयी जे सांगितलं ते आम्ही मुकाट्याने खरं धरत असू. मावशींचा मुलगा एका सरकारी ऑफिसात कारकून होता. आई मौद्याकडे शेती बघायची, आता होत नाही म्हणून आणली, असं त्याने साऱ्या ओळीला सांगून ठेवलं होतं.

मावशींनी मात्र ओळख होते न होते तोच मला सांगून टाकलं, "कायची शेती वं पोरी! नवरा मेला तं याले कडेवर घेऊन नागपुरात आली. लोकाइचे भांडे घासले अन् याले मॅट्रिक केलं. तू कोनाले सांगू नको, त्याले वाईट वाटते." मी कोणाला सांगितलं नाही. तुम्हालाही इतक्या वर्षांनी आज सांगते आहे.

सुनेला शाळेत नोकरी लागली आणि त्यांच्या घरी भांड्यांना बाई लावायची की नाही हा वाद सुरू झाला. मुलाचं म्हणणं एकच, आईने आता भांड्याला हात लावायचा नाही. मावशींची मतं दोन होती आणि दोन्ही पक्की. सकाळी म्हणत, "आपल्या घरचं खरकटं दुसरीनं काहून काढावं? आपल्याले हात नाहीत का?" संध्याकाळी म्हणत, "पन सगळ्याइनंच असं म्हटलं तं त्या बाया जातीन कुठं? मले कोनी ठेवलीच नसती तं?" एवढं बोलून माझ्याकडे बघत राहायच्या.

याबाबतीत आमच्या ह्यांचं मत एकच, आणि ठाम. आपल्या घरचं काम आपणच करावं, त्याने मन निर्मळ राहतं. हे ते आरामखुर्चीत पडून, पाणी पिऊन झालेला पेला जमिनीवर ठेवत सांगायचे. तो पेला उचलून उचलून मी शेवटी गिरजाला कामाला लावली होती. गिरजा ओळीतली बरीचशी घरं करायची. बारीक चणीची, चटपटीत, पण सदा धास्तावलेली. तीच मग मावशींकडेही लागली.

आणि नवा घोटाळा सुरू झाला. मुलगा आणि सून बाहेर पडले रे पडले की मावशी मागच्या नळावर बसत. गिरजा यायच्या आत सगळी भांडी घासून, विसळून, फडक्यावर पालथी! गिरजा येई, रिकाम्या नळाकडे बघे आणि परत जाई. चार दिवसांनी ती माझ्या दारात डोळे पुसत उभी. "बाई, आजी मले काढून टाकून राह्यल्या काय वं? कामच ठेवत नाहीत."

मी कुंपणाशी जाऊन मावशींना हे सांगितलं. त्या चपापल्या. "अवं, तिच्यापुढं आपलं खरकटं टाकाले मले कसंचंच वाटते. म्हनून घासते मी. तिले कायले काढीन?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं असेल? भांडी आधी घासली. राहवलंच नाही त्यांना. मग गिरजाची आठवण झाली तशी घासलेल्या भांड्यांना ओली राख फासली, वरून वरणभाताची शितं लावली आणि नळाशी मांडून ठेवली. गिरजाने एक गंज हातात घेऊन उजेडात धरला. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. तो आतून लख्ख होता. "आजी, हे भांडे तं घासेल हायेत."

"कुठं वं? वरन लागलं हाय नं त्याले."

त्या दोघींचं हसणं मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आलं. तेव्हापासून दोघी नळावर समोरासमोर बसू लागल्या. एक घासायची, दुसरी विसळायची. मुलाला पत्ता नव्हता. सुनेला असावा, पण दमून आलेल्या माणसाला भांडी स्वच्छ मिळाली की ती फार चौकशा करत नाही.

तुमच्याही घरी बाई असेल तर बदलीची रीत तुम्हाला ठाऊक आहे. बाईला गावी जायचं तर तिने आपल्या जागी दुसरी द्यायची. नाही दिली तर घर गेलं. गिरजाची लेक मौद्याला बाळंतपणाला टेकली होती. पहिलंच बाळंतपण होतं, आणि लग्नसराईचे दिवस, बदलीला कोणी मिळेना. गिरजा मावशींच्या पायरीवर बसून रडत होती. लेकीकडे जावं तर घरं जातात, घरं राखावीत तर लेक तिकडे एकटी.

"तू जाय," मावशी म्हणाल्या. "मी पाहून घेते. बदली आली समज."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमच्या मागच्या दाराची कडी वाजली. उघडते तो मावशी उभ्या. पदर खोचलेला, हातात नारळाची शेंडी.

"भांडे काढ वं."

"मावशी, तुम्ही? अहो, असं कसं?"

"गिरजीची बदली हाय मी. काढ लवकर, तीन घरं झाले, तुह्यंच राह्यलं."

मी काय करायला हवं होतं ते मला आजही कळत नाही. नाही म्हणावं तर गिरजाचं घर मी तोडल्यासारखं. हो म्हणावं तर शेजारची वडीलधारी बाई माझ्या दारात खरकटं काढणार. मी भांडी काढली आणि स्वतःही विसळायला बसले. मागून कळलं, एकीने पाट दिला, तर दुसरीने थेट खुर्ची आणून ठेवली होती. खुर्चीत बसून भांडी कशी घासायची याचा विचार त्या माउलीने केलेला दिसत नाही.

आम्ही बसलोच होतो तर कुंपणाशी मावशींचा मुलगा येऊन उभा राहिला. आईला शोधत साऱ्या ओळीतून फिरला असावा. तोंड लालबुंद.

"आई, घरी चाल."

"एक गंज राह्यला."

"ठेव तो. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. चोरी करून राह्यली का मी?"

तो एकदम वळून निघून गेला. आईला पुन्हा हे करावं लागू नये म्हणून तो शिकला, नोकरीला लागला, घर बांधलं. त्याचं मला पटत होतं. आणि गंज घासणाऱ्या मावशींचंही पटत होतं. दोन्ही पटल्यावर माणसाच्या डोक्याचं जे होतं ते माझं झालं.

गिरजा परतेपर्यंत मावशींनी तिची सगळी घरं राखली. मुलाने बोलणं सोडलं. ताटावर बसायचा, उठायचा. एका दुपारी त्या कुंपणाशी आल्या. हात पालथे केले नाहीत, बाप्पाही म्हणाल्या नाहीत. हळूच विचारलं, "माह्यी लाज वाटते का वं त्याले?"

या वेळी त्यांना खरंच उत्तर हवं होतं. "तसं नसेल हो," मी म्हणाले. इतकं फुसकं वाक्य मी जन्मात बोलले नसेन.

गिरजा नातू झाल्याचे पेढे घेऊन आली. सगळी घरं तिला मिळाली. एक घर मात्र तिने स्वतःच सोडलं, मावशींचं. "ज्याहिनं माह्यी बदली केली त्याहिचं खरकटं मी कशी काढू? मले पाप लागन." मावशींनी नाना परीने समजावलं. सून रडकुंडीला आली. तिची शाळा, तिचे पेपर तपासणं, आणि आता भांडीही आलीच. मावशींना तर काहीच उमजेना. "मी तिचे घरं राखले अन् तिनं माह्यंच घर सोडलं! आता याले..." पुढचं त्यांनी गिळलं.

शेवटी त्या घरात भांडी सगळ्यांनी मिळून घासायची असं ठरलं, म्हणजे सून घासायची आणि मावशी चोरून घासायच्या. गिरजा रोज दुपारी सगळी कामं उरकून त्यांच्या पायरीवर येऊन बसायची. दोघी काय बोलत कोण जाणे, पण खूप बोलत. मुलगा हळूहळू "जेवली का?" एवढं विचारू लागला होता. त्यापुढे गाडी गेली नाही.

हिवाळ्यात मावशींना साधा ताप आला आणि त्यातच त्या गेल्या. मला फार वाईट वाटलं. शेजारी असा माणूस पुन्हा लाभला नाही.

त्या दिवशी गिरजा सकाळपासून त्यांच्या उशाशी बसून होती. रडली मात्र नव्हती. दुपारी मुलाच्या ऑफिसातले साहेब आणि त्यांच्या पत्नी भेटायला आले. साहेबांच्या पत्नीने गिरजाला हलकेच विचारलं, "तुम्ही यांच्या नात्यातल्या का?"

गिरजाने मान वर करून मुलाकडे पाहिलं. मौद्याच्या शेतीची गोष्ट तिलाही ठाऊक होती. ती चाचरली, "मी... असंच... इकडंच राहते मी."

मुलगा दाराला टेकून उभा होता. साहेबांपुढे तो नेहमी पुस्तकातली मराठी बोलायचा. त्या दिवशी नाही बोलला.

"माह्या आईच्या संगं कामाले होत्या ह्या," तो म्हणाला. "आई घरोघरी भांडे घासत होती, साहेब. त्याच्यावरच मी शिकलो."

गिरजाने पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी तिचा हुंदका बाहेर आलाच. मी मावशींच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. हे ऐकायला त्या पाहिजे होत्या.